मुलांची वाचा आणि मुके सोबती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात तान्हा पोळा भरतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. चाके लाविलेले लाकडी बैल सजवून मुले सदरच्या गल्ल्यांतून घरोघर हिंडतात, झडत्या म्हणतात आणि बोजारा गोळा करतात. दोन वर्षांमागे मंगळवारी बाजाराच्या बाजूने येणाऱ्या अशाच एका टोळीत आमच्या वर्गातील एक मुलगा आम्हांस दिसला. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. हा मुलगा वर्गात वाचावयास उभा राहिला म्हणजे पहिल्याच अक्षरावर त्याची जीभ अडके, मान ताठ होई, डोळे मिटत, आणि मागील बाकांवरून हसू उसळे. आम्ही त्यास तरीही नित्य उभे करीत असू. सवयीने भीड मोडेल असा आमचा समज होता. तोच मुलगा त्या दिवशी सात-आठ सोबत्यांबरोबर बैलाची दोरी ओढीत, पावलागणिक ठेका धरून, संबंध झडती म्हणून गेला. एकही अक्षर अडले नाही. पुढे त्याच्या आईकडून असेही कळले की, घरच्या शेळीपाशी बसून तो अर्धा अर्धा तास बोलत असतो, आणि तेथेही त्याची जीभ मोकळी असते.

जो मुलगा शेळीपाशी बोलू शकतो तो आमच्यापाशी का बोलू शकत नाही? ह्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो, हे कबूल केले पाहिजे. त्यानंतर ह्या विषयावर जे वाचले आणि जाणत्यांस विचारून जे समजले, ते विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या आईबापांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम बोलणे म्हणजे काय ते पाहू. फुप्फुसांतून निघालेला श्वास कंठातील स्वरतंतूंस कंप देतो, आणि तो नाद जीभ, टाळू, दात व ओठ ह्यांच्या मदतीने अक्षराचे रूप घेतो. आपली वर्णमाला ह्याच क्रमाने रचिलेली आहे. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग मूर्ध्यावर, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर, असे आतून बाहेर येत जावे. लहान मूल मात्र बहुधा उलट दिशेने शिकते. ओठांची हालचाल त्यास दिसते, म्हणून प, ब, म आधी येतात. र आणि ळ ही अक्षरे पुष्कळ उशिरा साधतात. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बोलणे ही बुद्धीची क्रिया आहे, तशीच ती शरीराची हालचालही आहे. धावणे, पोहणे वा तबला वाजविणे ह्यांपेक्षा अधिक नाजूक आणि अधिक वेगाची.

ही हालचाल इतर हालचालींपासून तुटलेली नसते. सात-आठ महिन्यांचे मूल जेव्हा 'बाबाबा', 'दादादा' असे एकसारखे बोल काढू लागते, त्याच सुमारास त्याचे हात आपटणे आणि खुळखुळा हलविणेही वाढते, असे निरीक्षकांनी नोंदविले आहे. जणू तोंड आणि हात एकाच ठेक्यावर चालावयास शिकतात. पहिला शब्द फुटण्यापूर्वी मूल बोट दाखविते. हवी असलेली वस्तू आधी बोटाने मागते, मग तोंडाने. आमच्या आज्या-पणज्यांस हे शास्त्र ठाऊक नव्हते, तथापि त्यांचे खेळ शास्त्राबरहुकूम होते. तळहातावर बोट टेकवून मोरास बोलाविण्याचा खेळ, आपडी-थापडी, मांडीवर बसवून घोडा-घोडा, पुढे मोठ्या मुलींचा झिम्मा आणि फुगडी, ह्या सर्वांत बोल आणि हालचाल एकमेकांस धरून असतात. हल्ली मुलाच्या हाती मोबाइल देऊन त्यास गप्प बसविण्याची रीत पडली आहे. त्या यंत्रातून गाणे ऐकू येते खरे, परंतु मुलाने टाळी चुकविली तर ते यंत्र थांबत नाही, आणि त्याने नवा बोल काढला तर हसतही नाही.

मूल नीट बोलत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात निरनिराळ्या गोष्टी एकत्र होतात. कोणी बोबडे बोलते. कोणी उशिरा बोलते किंवा बोलतच नाही. कोणी शब्द जाणूनही त्याच्या आरंभी अडते, त्यास आपण तोतरे म्हणतो. उशिरा बोलणाऱ्या मुलाविषयी 'ह्याचे वडीलही उशिराच बोलले' असे म्हणून थांबणे फार धोक्याचे आहे. ज्यास ऐकू येत नाही त्यास बोलणे कोठून येणार? म्हणून सर्वांत आधी कानांची तपासणी झाली पाहिजे. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडता येत नसतील, अथवा आलेले शब्द नाहीसे होऊ लागले असतील, तर वाट पाहू नये. जिभेवर वेखंड उगाळून लावण्याची चाल काही घरांत अजून आहे. तिने वाचा फुटत नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

तोतरेपणाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण येथे आमच्या विद्यार्थ्यांचाही संबंध येतो. शंभरांत सुमारे पाच मुले बालपणी काही काळ तोतरे बोलतात. पुष्कळांचे पुढे आपोआप सुटते. शंभरांत सुमारे एकाचे राहते, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे अधिक असतात. हा दोष भित्रेपणाने वा मंदबुद्धीने होत नाही. बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळविण्याचे मेंदूचे जे काम आहे त्यात अडचण असते, आणि ती पुष्कळदा घराण्यात चालत येते. भीतीने तो उत्पन्न होत नाही, पण हसणाऱ्यांच्या भीतीने तो वाढतो. उलट अनेकांच्या सुरात सूर मिळवून बोलताना, गाताना, ठेक्यावर बोलताना तो पुष्कळ अंशी नाहीसा होतो. म्हणूनच वर्गाबरोबर पाढे म्हणणारा मुलगा एकटा उभा राहिला की अडतो. बाहेरचा ठेका त्यास वेळ जुळवून देत असतो. तो ठेका गेला की आधार गेला. डेमॉस्थेनीस नावाचा ग्रीक वक्ता तोंडात खडे धरून बोलण्याचा आणि चढावर धावताना भाषण म्हणण्याचा सराव करीत असे, असे प्लूटार्कने लिहून ठेविले आहे. खड्यांचा प्रयोग कोणी करू नये, घशात अडकतील. पण धावत म्हणण्यातील मर्म आजचे वाचोपचारकही ओळखतात. ते मुलास झोक्यावर बसवितात, चेंडू टाकविताना एकेक शब्द म्हणवितात, पायऱ्या चढताना वाक्य तोडून म्हणावयास लावितात. पाठ वाकवून बसलेल्या मुलाचा श्वास आखूड पडतो. अंग सावरले की श्वास पुरतो, आणि श्वास पुरला की शब्द पुरतो.

ह्याच विचाराने परदेशांत घोड्याचा उपयोग होऊ लागला. घोडा चालू लागला म्हणजे त्याच्या पाठीची हालचाल पुढे-मागे, वर-खाली आणि दोन्ही बाजूंस अशी तिहेरी होते, आणि बसणाऱ्याच्या कमरेस ती जवळजवळ माणसाच्या चालण्यासारखीच हलविते. ज्या मुलास स्वतः नीट चालता येत नाही त्याच्याही शरीरास चालण्याचा अनुभव मिळतो. एक जण लगाम धरतो, बाजूंनी दुसरे सांभाळतात, आणि उपचारक मुलास म्हणतो, 'सांग त्याला, चल.' मुलाने 'चल' म्हटले की एवढे मोठे जनावर चालू लागते; 'थांब' म्हटले की थांबते. ज्या मुलाच्या शब्दाने आजवर काहीच घडले नव्हते त्यास शब्दाचे सामर्थ्य प्रथमच कळते. (लग्नाच्या वरातीतील घोड्यावर मुलास बसविणे म्हणजे हा उपचार नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो.)

प्राण्यांच्या सोबतीचा विचार शास्त्रीय रीतीने प्रथम मांडणाऱ्यांत अमेरिकेतील बोरिस लेविन्सन हे बालमानसशास्त्रज्ञ प्रमुख होत. त्यांच्याकडे एक अबोल, आपल्यातच गुरफटलेला मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच आला. त्या वेळी त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत होता. तो धावत जाऊन मुलास चाटू लागला, आणि मुलगा न घाबरता त्यास कुरवाळू लागला. जे दार वैद्याने ठोठावून उघडले नव्हते ते कुत्र्याने उघडले. लेविन्सन ह्यांनी १९६२ साली ह्यावर लेख लिहिला. पुढे १९८३ साली असे दिसून आले की, मुले मोठ्याने वाचीत असता खोलीत कुत्रा असेल तर त्यांचा रक्तदाब काहीसा कमी राहतो. १९९९ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे मुलांनी शिकविलेल्या कुत्र्यांस पुस्तक वाचून दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला. कुत्रा चूक काढीत नाही, घाई करीत नाही, घड्याळ पाहत नाही, आणि सोबत्याकडे वळून हसत नाही.

२०१३ साली ऑस्ट्रेलियातील शाळांत स्वमग्न मुलांस काही वेळ खेळणी आणि काही वेळ दोन गिनीपिग देऊन पाहण्यात आले. प्राणी असताना ती मुले अधिक बोलली, अधिक हसली, इतरांच्या तोंडाकडे अधिक पाहू लागली. २०१५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथील प्रयोग आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. सहा ते सोळा वर्षांच्या शंभराहून अधिक स्वमग्न मुलांचे दोन गट केले. एका गटास दहा आठवडे खऱ्या घोड्यावर बसविण्यात आले. दुसऱ्यास त्याच ठिकाणी, त्याच विषयाचे शिक्षण दिले, पण घोडा कापडाचा, खऱ्या घोड्याएवढा. खऱ्या घोड्याच्या गटातील मुलांच्या बोलण्यातील शब्दांची आणि निरनिराळ्या शब्दांची संख्या अधिक वाढली. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे आम्हांस कितीही कौतुक असले तरी तो 'हो' म्हटल्याने थांबत नाही, आणि तेथेच त्याची मर्यादा आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हे कार्य झाले आहे. मिनल कविश्वर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था उभारली, आणि ह्या शतकाच्या पहिल्याच दशकात मुंबई-पुण्याकडे शिकविलेले कुत्रे स्वमग्न व इतर विशेष मुलांच्या शाळांत नेले. कुत्र्याचे केस विंचरणे, त्यास चेंडू टाकणे, त्याचे नाव घेऊन बोलाविणे, अशा साध्या कामांतून मुलाचा हातही चालतो आणि तोंडही.

परंतु उत्साहाच्या भरात कोणाची फसगत होऊ नये. हे प्रयोग अद्याप थोडे आहेत, पुष्कळसे लहान आहेत. प्राणी वाचा देत नाही. तो मुलास बोलावेसे वाटावयास लावितो, आणि पुढचे काम शिकलेल्या वाचोपचारकाचेच असते. कोणी नुसता कुत्रा दाखवून भरमसाट पैसे मागेल तर त्याच्यापासून दूर राहावे. गल्लीतील अनोळखी कुत्र्याजवळ मुलास नेऊ नये. चावा वा ओरखडा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. श्वानदंशाचा रोग जडला म्हणजे त्यास उतारा नाही. आणि प्राणीही थकतो, त्यासही तहान लागते. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात त्यास मुलांच्या घोळक्यात बसविणे हे निर्दयपणाचे आहे.

उपचारासाठी कोठे जावे, असे पालक विचारतील. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या श्रवण व वाचा तज्ज्ञाकडेच जावे. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ह्याच विषयाची आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात आधी कान दाखविता येतील. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि बोलण्यातील विलंब व श्रवणदोष ह्यांचा तीत समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषेचे व्यंगही धरलेले आहे. अर्थात अशा मुलास शाळेने सवलत देणे हा उपकार नव्हे.

घरी करावयाचे ते साधे आहे. मूल अडले तर त्याचा शब्द आपण पुरा करू नये. 'सावकाश बोल', 'श्वास घे' असे टोकू नये. त्याच्याकडे पाहून थांबावे, आणि स्वतःच थोडे सावकाश बोलावे. घरी गाय, शेळी, मांजर वा पोपट असेल तर त्यास चारा घालण्याचे, हाक मारण्याचे काम त्या मुलाकडे द्यावे. पुस्तक त्यास वाचून दाखवू द्यावे. दाराआडून मात्र ऐकू नये.

आता त्या मुलाविषयी. आम्ही त्यास एकट्यास उभे करणे बंद केले. प्रथम बाकावरील सोबत्याबरोबर जोडीने वाचावयाचे, बोटाने मांडीवर हलका ठेका धरून; मग सोबत्याने अर्ध्या ओळीनंतर थांबावयाचे. त्याचे आईबाप त्यास वाचोपचारकाकडेही नेऊ लागले. वर्गास आम्ही एक तास ह्याच विषयावर दिला, आणि मागील बाकांवरील एकाने आपला धाकटा भाऊही असाच अडतो हे आपण होऊन सांगितले. तोतरेपणा गेला आहे असे नाही. गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर फाटकापाशी तो आम्हांस गाठून म्हणाला की शेळीला दोन करडे झाली आहेत, एक पांढरे आणि एक कपाळावर ठिपका असलेले, आणि ठिपकेवाल्याचे नाव त्याने ठेविले आहे. ते नाव नेमके त्यास कठीण जाणाऱ्या अक्षराने सुरू होते. तो तीनदा अडला. रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते. आम्ही उभे राहिलो, आणि चौथ्या खेपेस नाव आले.