पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांसाठी माफक किमतीचा संगणक

मुंबईतील गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांत अशी अनेक कुटुंबे आहेत की ज्यांचे एक घर चाळीत आणि दुसरे गावी असते. कापड गिरण्यांच्या काळात कोकण, सातारा, कोल्हापूर इत्यादी भागांतील शेतकरी घरांतून माणसे या वस्तीत आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे ते दिवस उरले नाहीत. तथापि खोली व शेत यांचे नाते तुटले नाही. गणेशचतुर्थीस कुटुंब गावी निघाले की लालबागची खोली कुलूपबंद होते. कुटुंब मुंबईस परतले की गावचे घर, काजूची कोठी व पंपाची खोपी यांची राखण कोणी करावी हा प्रश्न उभा राहतो. अशा बंद घरांसाठी सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याची प्रथा वाढत आहे. परंतु कॅमेरा केवळ पाहतो. पाहिलेले जतन करून ठेवण्याचे काम त्यामागील यंत्र करते. हे यंत्र कमी खर्चात कसे निवडावे, याचे विवेचन येथे केले आहे.

आधी दिवस मोजावेत

विहिरीचे पाणी मोजल्याशिवाय जाणता शेतकरी उसाची लागण करीत नाही. त्याचप्रमाणे, किती दिवसांची नोंद हवी हे ठरविल्याशिवाय संगणकाच्या दुकानाची पायरी चढू नये. नोंद हार्ड डिस्कवर साठते. डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लिहिते. हे कोणतीही सूचना न देता घडते.

उदाहरणादाखल, परळच्या एका खोलीस तीन कॅमेरे आहेत असे धरावे : एक दारावर, एक आत व एक मागील खिडकीवर. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ या पद्धतीने सेकंदास सुमारे चार मेगाबिट माहिती पाठवितो. आठ बिट म्हणजे एक बाइट. अर्थात सेकंदास अर्धा मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरता एका कॅमेऱ्याची नोंद ४३ गिगाबाइटांच्या आसपास व तिन्हींची सुमारे १३० गिगाबाइट होते. एक टेराबाइटाची, म्हणजे एक हजार गिगाबाइटांची डिस्क या हिशेबाने साडेसात दिवसांतच भरते. कुटुंब बारा दिवसांनी परतले आणि चोरी तिसऱ्या दिवशी झाली असेल, तर कॅमेरे उत्तम, संगणक वेगवान, आणि तरीही पोलिसांस दाखविण्यास काहीच नाही, अशी अवस्था होते.

याच तीन कॅमेऱ्यांत एच.२६५ ही नवी पद्धत निवडून वेग सेकंदास दोन मेगाबिट ठेवला, तर दिवसाची नोंद सुमारे ६५ गिगाबाइटांवर येते. वीस दिवसांस १,३०० गिगाबाइट लागतात व दोन टेराबाइटांची डिस्क पुरते. यास्तव घर जितके दिवस बंद राहते, त्यात किमान आठवडाभराची भर घालून डिस्क घ्यावी. हालचाल झाली तरच नोंद करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते व तिने जागा वाचते. परंतु चाळीच्या गॅलरीत दिवसभर वर्दळ असते, म्हणून हिशेब अखंड नोंदीचाच धरावा.

वेगवान संगणकाची आवश्यकता नाही

नोंदीसाठी महागडा संगणक लागतो हा समज बरोबर नाही. चित्र आवळून लहान करण्याचे कष्टाचे काम कॅमेरा स्वतःच करतो. संगणकाने आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहावयाचा असतो. हालचाल ओळखणे किंवा माणूस व मांजर यांतील भेद करणे हे काम संगणकावर सोपविले, तरच त्याला चित्र उलगडावे लागते व श्रम पडतात. इंटेल कंपनीच्या अनेक प्रोसेसरांत या उलगडण्यासाठी वेगळी यंत्रणा असते. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीपासून तीत एच.२६५ चीही सोय आहे. तेव्हा कार्यालयांतून निघालेला सहाव्या किंवा त्यापुढील पिढीचा जुना संगणक, आठ गिगाबाइट रॅमसह, तीन-चार कॅमेऱ्यांस पुरेसा होतो.

कामास केवळ दोन-चार कॅमेरे असतील व संगणकाचा अन्य उपयोग नसेल, तर डीव्हीआर किंवा एनव्हीआर ही तयार पेटी अधिक सोपी पडते. घरात आधीच एखादा संगणक पडून असेल, निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र जोडावयाचे असतील, किंवा त्याच यंत्रावर हिशेब व मुलांचा अभ्यासही व्हावयाचा असेल, तर संगणक घेणे हितावह ठरते. कॅमेरे घेताना ते ऑनव्हिफ या सामाईक पद्धतीचे आहेत ना, हे विचारावे. म्हणजे एकाच कंपनीशी बांधून राहावे लागत नाही.

विजेचा खर्च

हे यंत्र रात्रंदिवस चालावयाचे असते. म्हणून खरेदीची किंमत एकदाच, पण विजेचे बिल दरमहा द्यावे लागते. शंभर वॉट खाणारा मोठा जुना संगणक महिन्यास ७२ युनिट घेतो. तीस वॉटांत भागणारा लहान पेटीचा संगणक सुमारे २२ युनिट घेतो. युनिटास आठ रुपये असा दर हिशेबापुरता धरला, तरी महिन्यास चारशे रुपयांचा व वर्षास सुमारे ४,८०० रुपयांचा फरक पडतो. फुकट मिळालेला मोठा संगणक याप्रमाणे वर्षभरातच महाग पडू शकतो. बैल घेताना त्याची वैरणही हिशेबात धरतात, तसेच हे आहे.

बाजारात काय पाहावे

गिरगावालगत, ग्रँट रोड स्थानकाजवळ, लॅमिंग्टन रोड म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हा अशा मालाचा जुना बाजार आहे. तेथे जुने व दुरुस्त केलेले संगणकही मिळतात. दादरला फुले किंवा भाजी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास तेथे एक फेरी सहज करता येते. तीन दुकानांत भाव विचारावा, पावती व हमीची मुदत लेखी घ्यावी, आणि पुढील गोष्टी समक्ष पाहाव्यात :

१. संगणक दुकानातच अर्धा तास चालवून पाहावा. पंख्याचा आवाज वाढतो का व यंत्र मध्येच बंद पडते का, हे ध्यानात घ्यावे.

२. पेटीत साडेतीन इंची डिस्क बसते की नाही, हे उघडून पाहावे. अगदी लहान संगणकांत बहुधा अडीच इंचीच बसते. पहाऱ्याच्या कामाच्या मोठ्या डिस्क साडेतीन इंची असतात.

३. संगणक जुना चालेल, पण नोंदीची डिस्क नवीच घ्यावी. अखंड लेखनासाठी बनविलेल्या डिस्क वेगळ्या असतात. वेस्टर्न डिजिटलची पर्पल व सीगेटची स्कायहॉक या त्या जातीच्या आहेत. संगणकाची मूळ प्रणाली मात्र वेगळ्या लहान एसएसडीवर ठेवावी.

४. वीज जाऊन परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याची सोय आहे का, हे विचारून ती चालू करून घ्यावी. बंद घरात बटण दाबण्यास कोणी नसते.

५. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला व बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर उबुंटू किंवा डेबियन ही विनामूल्य प्रणाली बसवावी. झोनमाइंडर व फ्रिगेट ही नोंदीची साधने तीवर विनामूल्य चालतात. ती बसविण्यास माहीतगाराचे साहाय्य घ्यावे.

यंत्राची जागा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दादरचा हिंदमाता परिसर तर अतिवृष्टीत पाणी तुंबण्यासाठीच ओळखला जातो. म्हणून तळमजल्यावर संगणक जमिनीवर ठेवू नये. पोटमाळा उंच असला तरी पत्र्याखाली तो तापतो. तेव्हा भिंतीवरील वारा लागणारी फळी उत्तम. चोराच्या हातीही तो सहज लागू नये. संगणकच नेला तर साक्ष त्याबरोबर जाते. यूपीएसवर संगणकासोबत राउटर व कॅमेऱ्यांचे वीजयंत्रही जोडावे. अन्यथा वीज गेल्यावर संगणक जागा आणि कॅमेरे आंधळे, असा प्रकार होतो.

शेजारधर्म व कायदा

चाळीची गॅलरी सर्वांची असते. आपल्या दारावरचा कॅमेरा समोरच्या खोलीत डोकावणार नाही अशा कोनात लावावा व चाळीच्या समितीस आधी सांगावे. संमतीवाचून कोणाच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ई अन्वये गुन्हा आहे. कॅमेऱ्यासोबत आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. तो तसाच ठेवल्यास परका मनुष्य घरात डोकावू शकतो.

चोरी झाल्यास नोंदीची प्रत ताबडतोब दुसऱ्या साधनावर काढावी व मूळ डिस्क तशीच राखावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. यंत्रातील घड्याळ चुकीचे असेल तर साक्षीचे बळ कमी होते. म्हणून वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी व्यवस्था करावी.

निघण्यापूर्वीची परीक्षा

गावी जाण्यापूर्वी यंत्र ठरविलेल्या मुदतीइतके दिवस चालू द्यावे आणि मग त्यातील सर्वांत जुनी तारीख कोणती हे उघडून पाहावे. वीस दिवस हवे असतील व यंत्र आठच दाखवीत असेल, तर दोष अजून दुरुस्त करता येतो. त्यानंतर मुख्य कळ बंद करून पुन्हा चालू करावी व नोंद आपोआप सुरू होते का ते पाहावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी या दोन परीक्षा शेतकऱ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्याव्यात. बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी पाहतात, पेरणीनंतर नव्हे. पहाऱ्याच्या यंत्राचीही परीक्षा कुलूप लावण्यापूर्वीच झाली पाहिजे.