चेहऱ्याचे आचके आणि विषाचे औषध

डोळा लवला की आपल्याकडे शकुन-अपशकुन पाहतात. जागरण, मानसिक ताण किंवा चहा-कॉफीचा अतिरेक यामुळे पापणी काही दिवस फडफडते व आपोआप थांबते. त्याची काळजी नको. परंतु ही फडफड काही महिन्यांत गालावर, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरली, चेहऱ्याची एकच बाजू आचके देऊ लागली आणि झोपेतही थांबेना, तर तो 'हेमिफेशियल स्पाझम' असू शकतो. डोळा मारल्याचा गैरसमज होईल म्हणून असे रुग्ण लग्नकार्याला जाणेही टाळतात.

हा लकवा नव्हे. लकव्यात स्नायू लुळे पडतात. येथे ते नको तेव्हा आखडतात. बहुतेक रुग्णांत मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाब देत असते. क्वचित गाठ असते, म्हणून एम.आर.आय. करतात.

उपचार कोणता?

गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. शस्त्रक्रियेने दाब कायमचा दूर होऊ शकतो, पण ती मेंदूजवळची असते. तिसरा मार्ग बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा. बिघडलेल्या डबाबंद अन्नात वाढणाऱ्या जंतूंचे हे जहाल विष. अत्यल्प मात्रेत ते मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोचू देत नाही व स्नायू सैल पडतो. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते प्रथम तिरळेपणासाठी वापरले. १९८९ मध्ये तेथे या विकारासाठीही मान्यता मिळाली.

बारीक सुईने चार-पाच ठिकाणी औषध टोचतात. गुण काही दिवसांत दिसतो व साधारण तीन-चार महिने टिकतो. नंतर पुन्हा टोचावे लागते. पापणी खाली येणे, डोळा कोरडा पडणे, ओठ किंचित वाकडा होणे हे त्रास काही आठवड्यांत ओसरतात. गिळताना किंवा श्वास घेताना अडचण वाटल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भवती व मायस्थेनियाच्या रुग्णांनी आधी तसे सांगावे.

दात घासताना, घास चावताना गालात विजेसारखी कळ येत असेल तर तो वेगळा विकार, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. त्यावर पहिले औषध कार्बामाझेपिन, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. निदान होण्याआधी चांगले दात काढून घेऊ नका.

हे इंजेक्शन मेंदूविकारतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञाकडूनच घ्यावे, ब्युटी पार्लरमध्ये कदापि नाही.