झोपलेला प्रोसेसर हाक कशी ऐकतो? (संगणक विषयासाठी एक कृतीपाठ)



आपल्या भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धान लावणाऱ्या घरांत हे चित्र नेहमीचं. मोटारीची लाईन रात्री येणार असली की घरातला माणूस मोबाइलवर दोनचा अलार्म लावून झोपतो. बरोबर दोनला अलार्म वाजतो, तो उठतो आणि बांधीत पाणी सोडायला जातो. यावरूनच एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, मोबाइल रात्रभर जागा राहतो का? मग चार्जिंग का संपत नाही?"

प्रश्न छोटा आहे, पण उत्तर थेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत जातं.

संकल्पना

काम नसताना कर्नल प्रोसेसरला झोपवतो. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर त्यासाठी 'एचएलटी' ही मूळ आज्ञा आहे, तर मोबाइलमधल्या एआरएम प्रोसेसरवर 'डब्ल्यूएफआय', म्हणजे 'इंटरप्ट येईपर्यंत थांब'. इंटरप्ट म्हणजे हाक. घड्याळ, बटण, नेटवर्क यांपैकी कुणीही हाक मारली की प्रोसेसर उठतो, हाक नोंदवतो आणि काम करतो. गाढ झोपेत वीज जास्त वाचते, पण उठायला वेळही जास्त लागतो. म्हणून किती गाढ झोपायचं हेही कर्नल अंदाजाने ठरवतो.

इथपर्यंत मुलांना लगेच समजतं. खरी मेख पुढे आहे.

वर्गात करून बघा

एक मूल प्रोसेसर. त्याच्यासमोर एक वही, ती कामांची नोंदवही. नियम दोनच: वही बघ, कोरी असेल तर डोकं टेकवून झोप. इतर मुलं खांद्यावर थाप देतील. थाप मिळाली की हातातलं थांबवायचं, वहीत काम लिहायचं आणि जिथे थांबलो होतो तिथून पुढे चालू करायचं.

*फेरी १.* मुलाने वही बघितली, कोरी आहे. डोकं टेकवणार एवढ्यात थाप द्या. ते काम लिहील आणि राहिलेला नियम पाळेल, म्हणजे झोपेल! वहीत काम पडून, आणि प्रोसेसर घोरतोय. पुढची थाप येईपर्यंत उठणार नाही.

*फेरी २.* मुलं लगेच म्हणतात, "वही बघण्याआधी थापा बंद करा!" बरोबर. आता थाप देणारा हात वर करून थांबेल. पण थापा बंद ठेवूनच झोपलं तर उठवणार कोण? इंटेलच्या प्रोसेसरवर इंटरप्ट बंद ठेवून 'एचएलटी' दिली तर नेहमीच्या हाकांनी तो उठतच नाही.

*फेरी ३.* थापा बंद, वही बघ, आणि मग एकाच टाळीवर दोन्ही गोष्टी: थापा चालू आणि डोकं खाली. वर थांबलेला हात लगेच खांद्यावर पडतो आणि मूल उठतं. काम राहत नाही.

खऱ्या यंत्रात ही 'एकच टाळी' कशी?

इंटरप्ट चालू करणारी 'एसटीआय' ही आज्ञा तत्काळ लागू होत नाही. तिच्या पुढची एक आज्ञा होईपर्यंत थांबते. म्हणून कर्नल 'एसटीआय' आणि लगेच 'एचएलटी' असं लिहितो. दोघींच्या मध्ये हाक घुसूच शकत नाही. एआरएमवर रीत वेगळी आहे. तिथे इंटरप्ट बंद असतानाही 'डब्ल्यूएफआय'मधला प्रोसेसर हाक आली की जागा होतो. आधी उठायचं, मग इंटरप्ट चालू करून हाक ऐकायची.

ही चूक लपून का राहते?

पूर्वी लिनक्स कर्नलचं घड्याळ काम नसतानाही सेकंदाला ठरावीक वेळा टिकटिक करायचं. ती टिक २५० वेळा असेल, तर फेरी १ मधला झोपाळू जास्तीत जास्त ४ मिलिसेकंदांत उठायचाच. कुणाला पत्ताही लागणार नाही. पण वीज वाचवण्यासाठी २००७ च्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या वेळी ही टिक थांबवायची सोय आली. आता झोप लांबली, आणि जी चूक क्षणभराची होती ती मोठा खोळंबा करू शकते. दोनचा अलार्म उशिरा वाजला, तर तेवढी लाईन वाया आणि धान कोरडंच.

शिक्षक-पालकांसाठी

फेरी २ चं उत्तर मुलं चुकवतील. चुकू द्या. 'हाक बंद केली की प्रश्न मिटला' असं वाटणं स्वाभाविक आहे, मोठमोठ्या प्रोग्रामरनाही वाटतं. नवी अडचण मुलांना स्वतः सापडली पाहिजे. या पाठासाठी संगणकही लागत नाही. एक वही आणि चार मुलं पुरतात.

घरी विचार करा

१. दोन मुलांनी एकाच वेळी हात वर केले तर आधी कुणाची थाप घ्यावी?
२. दर मिनिटाला उठून वही बघणारं मूल आणि थापेवर उठणारं मूल, यांत कोण जास्त थकेल? का?
३. 'बघणं' आणि 'झोपणं' यांच्या मधल्या फटीसारखी फट रोजच्या व्यवहारात कुठे दिसते?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मुलांकडून वहीत लिहून घ्या. पाठ कितपत पोचला, ते तिथेच कळतं.