जुन्या गोल करवतीचे अडकलेले पेच सोडविणे

मृगाच्या आधी गावच्या सुताराकडे औते भरण्याची घाई उडते. ट्रॅक्टर आले तरी कुळवाचे दिंड, बैलांचे जू, ट्रॉलीच्या फळ्या आणि घराच्या चौकटी ही कामे राहतातच. अनेक सुतारांकडे या कामासाठी विजेवर किंवा पट्ट्यावर चालणारी जुनी गोल करवत असते. तिच्या टेबलाखाली पाते वर-खाली करणारा व तिरपे करणारा असे दोन मोठे पेच असतात. यंत्र काही काळ बंद राहिले, की हे पेच जागच्या जागी धरून बसतात. मग पाते ज्या उंचीवर अडकले असेल त्याच उंचीवर काम उरकण्याचा मोह होतो. पातळ फळी कापताना चार बोटे वर आलेले पाते हे हात तुटण्याचे सरळ कारण आहे. पाते खाली अडकले असेल, तर जाड लाकूड उलटून दोन वेळा कापावे लागते व काप जुळत नाही. म्हणून पेच सोडविण्यात दोन दिवस गेले तरी ते वाया गेले असे समजू नये.

पेच अडकण्याची कारणे प्रथम समजून घ्यावीत. लोखंड गंजले, की त्याचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी वाढते. त्यामुळे आट्यांमधील बारीक फट गंजाने ठासून भरते. भुसा हवेतील ओल धरून ठेवतो. कोकणासारख्या दमट भागात ही अडचण अधिक. बाभळीच्या लाकडात कषायद्रव्य असते. ओल्या बाभळीवर लोखंड ठेवले असता जो काळा डाग पडतो, तो त्याचाच. अशा लाकडाचा ओला भुसा लोखंडास विशेष बाधतो. याखेरीज, कोणी चांगल्या हेतूने पेचाला ग्रीस चोपडले असेल, तर त्यात भुसा मिसळून घट्ट लगदा तयार होतो. पुष्कळ वेळा पेच गंजलेला नसतोच, केवळ या लगद्याने अडलेला असतो.

काम हाती घेण्यापूर्वी वीज तोडावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढून ठेवावा. थ्री-फेज जोडणी असेल तर फ्यूज काढून काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत. यंत्र इंजिनावर चालत असेल तर पट्टा उतरवावा. त्यानंतर पाते काढावे. पात्याच्या नटाचे आटे काही यंत्रांत डावे असतात. जोर लावण्यापूर्वी आट्यांचा कल नीट पाहावा. सुटे केलेले भाग कोणत्या क्रमाने होते याचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे.

आता तारेच्या ब्रशाने व बांबूच्या कामटीने सर्व भुसा खरवडून काढावा. लगदा रॉकेलने किंवा डिझेलने भिजवून पुसावा. असे केल्यावर पुष्कळ पेच हाताने फिरू लागतात. न फिरल्यास हातचाकाच्या दांड्याला लोखंडी नळी लावून जोर करण्याचे टाळावे. प्रथम पेच घट्ट धरणारी खीळ किंवा मुठीचा बोल्ट कोठे आहे हे शोधावे. काही वेळा एकाच छिद्रात एकावर एक असे दोन बिनडोक्याचे स्क्रू बसविलेले असतात. वरचा काढला तरी खालचा धरूनच राहतो.

खरा गंज असेल तेथे गंज सोडविणारे तेल वापरावे. बाजारातील तयार तेल नसल्यास मोटारीच्या स्वयंचलित गिअरचे तेल व ॲसिटोन समभाग घेऊन वापरता येते. हे दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी हलवावे. मिश्रण ज्वालाग्राही आहे. जवळ बिडी अगर चूल नसावी. सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे सोडावे, रात्रभर मुरू द्यावे, आणि पेचाच्या डोक्यावर लाकडी मोगरीने हलके ठोके द्यावेत. ठोक्याच्या कंपाने तेल आट्यांत उतरते. घाईच्या माणसाला हा मार्ग रुचत नाही, परंतु सर्वांत कमी नुकसान यातच होते.

यंत्राचा सांगाडा बहुधा बिडाचा असतो. बीड दाब सोसते, पण ठोका व वाक सोसत नाही. एकदा तडकले की खेड्यात त्याला जोड देणे कठीण, आणि जुन्या यंत्राचा सुटा भाग तर बहुधा मिळतच नाही. म्हणून बिडाच्या कानावर हातोडा कधीही मारू नये.

तेलाने काम न झाल्यास उष्णता द्यावी. बाहेरचा भाग तापवावा, आतला पेच नव्हे. २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र २०० अंश सेल्सिअसने अधिक तापविले, तर ते सुमारे ५ शतांश मिलिमीटरने मोठे होते. एवढी फट गंजाची पकड सोडविण्यास अनेकदा पुरते. तापविण्यापूर्वी तेल व भुसा पूर्ण पुसून काढावा, बेअरिंग व रबरी भाग दूर करावेत आणि वाळूची बादली जवळ ठेवावी. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा भाग तापविला असता वितळतो. शंका असल्यास तापवू नये. तापलेल्या बिडावर पाणी टाकू नये, त्याने तडा जातो. भाग थोडा निवल्यावर सांध्याला मेणबत्तीचे मेण लावावे; ते वितळून आत ओढले जाते.

पेच किंचित हलताच एकदम पूर्ण काढण्याची घाई करू नये. पाव फेरा सोडावा, तेल द्यावे, पुन्हा आवळावा, मग अर्धा फेरा सोडावा. गंजाचे कण अशाने बाहेर पडतात. नाहीतर तेच आट्यांत अडकून आटे कापतात. जुन्या यंत्राचे आटे इंचाच्या मापाचे असण्याचा संभव आहे. देशात दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यापूर्वीच्या यंत्रात मिलिमीटरचा बोल्ट जबरीने बसविल्यास आटे मरतात.

पेच मोकळा झाल्यावर त्यास ग्रीस लावू नये. मेण किंवा ग्रॅफाइटची पूड चोळावी, त्यास भुसा चिकटत नाही. ग्रीस फक्त बेअरिंगला द्यावे. पाते बसवून ते टेबलाशी काटकोनात आहे की नाही हे गुण्याने पाहावे, मागची पाचर-पट्टी व वरचे झाकण परत बसवावे. फळीच्या वर पात्याचे दात ३ ते ६ मिलिमीटर येतील एवढीच उंची ठेवावी, आणि मगच फ्यूज परत जोडावेत.