रेझिनच्या ओतकामात अपारंपरिक वस्तूंचा उपयोग

पारदर्शक पॉलिएस्टर रेझिनमध्ये फुले, शिंपले इत्यादी वस्तू बसवून पेपरवेट व लोलक तयार करता येतात. परंतु प्रारंभी काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या वस्तूतील फूल काही काळाने काळवंडते, त्याभोवती धुरकट वलय उमटते. दोष रेझिनला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा आतील पदार्थात राहिलेल्या ओलाव्याचा व हवेचा असतो. यास्तव ओतकामापेक्षा पूर्वतयारीस अधिक महत्त्व द्यावे.

पूर्वतयारी : बकुळीची फुले सावलीत वाळवली तरी चालतात. मांसल पाकळ्यांची फुले सिलिका जेलमध्ये पुरून सुमारे आठवडाभर ठेवावीत व पाकळी कुरकुरीत झाल्यावरच वापरावीत. सुरूची बोंडे सच्छिद्र असतात. त्यांतील हवा उष्णतेने प्रसरण पावून बुडबुडे उठतात. म्हणून त्यांवर प्रथम रेझिनचा पातळ लेप द्यावा. शिंपले गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावेत आणि त्यांचा पोकळ भाग रेझिनने आधीच भरून घ्यावा.

ओतकाम : सर्वसाधारणपणे 100 ग्रॅम रेझिनास 1 ते 2 ग्रॅम उत्प्रेरक पुरतो, तथापि उत्पादकाने दिलेले प्रमाण प्रमाणभूत मानावे. रेझिन घट्ट होताना तापते व आकसते. जाड थर एकदम ओतल्यास तडे जातात. म्हणून 5 ते 8 मिलिमीटरचे थर क्रमाने द्यावेत. पहिला थर जेलीसारखा झाला की त्यावर वस्तू पालथी ठेवावी. कारण साच्याचा तळ हाच पुढे दर्शनी भाग होतो.

दक्षता : काही रेझिनांत कोबाल्टयुक्त त्वरक वेगळा घालावा लागतो. हा त्वरक आणि पेरॉक्साइड उत्प्रेरक एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यामुळे आग लागून स्फोट होऊ शकतो. त्वरक रेझिनात पूर्णपणे ढवळल्यानंतरच उत्प्रेरक घालावा. उत्प्रेरकाचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाण्याचा संभव असतो. तसे घडल्यास डोळा तत्काळ निदान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावा व विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत. चष्मा व हातमोजे वापरावेत, काम हवेशीर जागी करावे आणि जवळपास विस्तव नसावा.

शिक्षकांनी उत्प्रेरक स्वतःच्या ताब्यात ठेवून स्वहस्ते मोजून द्यावा. वाळवणीत घालवलेला आठवडा वाया जात नाही. वस्तूची शोभा व टिकाऊपणा त्यावरच अवलंबून असतो.