लिक्विड टाक, पण आधी चाक बघ

सेकंडहँड का होईना, स्वतःची मोटारसायकल घेतलीस, बरं झालं. आता टायरवाल्याने डोक्यात भरवलंय की दोन्ही चाकांत भोक बुजवणारं लिक्विड मारून घे, पंक्चरची कटकट कायमची मिटेल. कायमचं काही मिटत नाही. तरी तुझ्या गाडीत लिक्विड टाक, असंच मी सांगेन. तुझ्या बाबांच्या गाडीत मात्र थेंबभरही टाकू नकोस.

फरक चाकात आहे. तुझ्या गाडीला ॲलॉय आणि ट्यूबलेस टायर. त्यात खिळा घुसला तरी रबर त्याला आवळून धरतं आणि हवा हळूहळू जाते. चाक फिरतं तसं लिक्विड नक्षीच्या आतल्या अंगाला पसरतं. भोकातून हवा सुटायला लागली की तिच्याबरोबर तेही तिथे ओढलं जातं आणि त्यातले बारीक तंतू भोकात अडकून बूच बसतं. बाबांच्या गाडीला तारांची चाकं आणि आत ट्यूब. ती ट्यूब फुगलेल्या फुग्यासारखी ताणलेली, खिळा लागला की भोक फाटत जातं. हवा रिमच्या तारांच्या भोकांतून बाहेर पडते आणि लिक्विड ट्यूब-टायरच्या मधे सांडून बसतं. मग पंक्चरवाला ट्यूब घासघासून दमतो, तरी बुळबुळीत जागेवर पॅच धरत नाही. त्या पैशात एक नवी ट्यूब घे आणि सीटखाली किंवा डिकीत टाकून ठेव.

आपल्याकडे हे लागतंच का, असं विचारशील. तुझी ड्यूटी बिरवाडीच्या एमआयडीसीत, सेकंड शिफ्ट. रात्री सुटून महाड, गांधारपाले, केंबुर्ली, वहूर करत दासगाव. त्या वेळी हायवेला पंक्चरवाला कुठे उघडा सापडणार? मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाची कामं किती वर्षं चालली, ते तू लहानपणापासून बघतोयस. बांधकाम म्हटलं की सळईचे तुकडे, बांधायची तार, फळ्यांचे खिळे आलेच. पावसाळ्यात त्यात पुराची भर. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडात घुसलं, ते ओसरल्यावर रस्त्यावर नुसता गाळ नव्हता. पत्रे, काचा, मोडक्या फर्निचरचे खिळे, सगळं त्या चिखलात होतं. चिखलातला खिळा दिसत नाही, टायरला मात्र बरोबर सापडतो. आणि महाबळेश्वरला जायची हौस असेलच तर पोलादपूरहून वर साधारण ४० किलोमीटरचा आंबेनळी घाट आहे. तिथे भर पावसात गाडी ढकलण्यापेक्षा पाव लिटर लिक्विड परवडलं.

सरकारनेही २०२० साली नियम बदलला. लहान चारचाकीला ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची राहिली नाही. आपल्या मोटारसायकलला स्टेपनी मुळातच नसते, त्यामुळे लिक्विडची गरज आपल्यालाच जास्त.

आता टाकायचं कसं ते. आधी टायर बघ. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सेकंडहँड गाडीवर हे आकडे वाचल्याशिवाय पैसे मोजायचे नसतात, पण तुझा व्यवहार झालाय, असो. कुशीवरच टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण सापडेल. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. अशा गुळगुळीत टायरात लिक्विड ओतणं म्हणजे पैसे गटारात. वहूरच्या वळणावर पावसात घसरशील, तेव्हा लिक्विड वाचवायला येणार नाही.

टायर धड असेल तर व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा सोडायची, बाटलीवर लिहिलेल्या मापानेच लिक्विड भरायचं, पिन बसवून पूर्ण हवा मारायची आणि लगेच चार-पाच किलोमीटर गाडी फिरवून आणायची, म्हणजे ते सगळीकडे पसरतं. ‘जरा जास्तच टाका’ म्हणू नकोस, चाकाचं वजन एकीकडे होऊन हँडल थरथरतं. पुढच्या चाकातही टाक. मागचं चाक बसलं तर गाडी डुलते, सावरता येते. पुढचं बसलं तर हँडल हातात राहत नाही. टायर नवा असेल तर वॉरंटीचं दुकानात आधी विचार, लिक्विड टाकलं की काही कंपन्या हात वर करतात.

लिक्विड टाकणाऱ्या लोकांवर माझा एकच राग आहे. ते टाकलं की टायरकडे बघणंच सोडतात. महिनोन्‌महिने खिळा रुतलेला असतो, हवा बऱ्यापैकी टिकते म्हणून कळत नाही, आणि त्या फटीतून पाणी आत झिरपून टायरचे धागे खराब होतात. म्हणून रविवारी गाडी मेन स्टँडवर घे, मागचं चाक हाताने सावकाश फिरव आणि बॅटरीचा उजेड तिरका पाड. घासून चकचकीत झालेलं खिळ्याचं डोकं नक्षीत लगेच चमकतं. बाजूने थुंकी किंवा साबणाचं पाणी लाव, बुडबुडा आला की समज. हवा टिकत असेल तर खिळा तसाच ठेवून हळू चालवत पंक्चरवाल्याकडे ने आणि आतून मशरूम पॅच बसवून घे. वाटेतच हवा सुटायला लागली तर खिळा ओढ, भोक खाली येईल असं चाक फिरव, थोडा थांब, मग हवा भर. त्यासाठी छोटा पायपंप जवळ असू दे. कुशीला चीर गेली असेल तर मात्र खटपट करू नकोस. ती बाजू सतत वाकते, तिथे बूच टिकत नाही. टायर बदलायचा.

हवा दर आठवड्याला, गाडी थंड असताना, कंपनीने लिहिलेल्या आकड्याइतकीच. मागे माणूस बसणार असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो. हवा बघताना व्हॉल्व्ह वरच्या अंगाला ठेव, खाली असला तर लिक्विड पिनेत जाऊन चिकटतं. वर्ष-दोन वर्षांत लिक्विड सुकतं, तेव्हा टाकल्याची तारीख सर्व्हिस बुकात लिहून ठेव. आणि टायर खोलायला देशील तेव्हा पंक्चरवाल्याला आधीच सांग की आत लिक्विड आहे, नाहीतर ते बिचाऱ्याच्या तोंडावर उडतं.