श्रावण ते पोळा: एक महिना दारू बंद, शरीराचा ताळेबंद



मागच्या व्हिडिओत आपण मशीनचं मेंटेनन्स पाहिलं. आज मशीन चालवणाऱ्याचं पाहू.

आपल्या हिंगणा एमआयडीसीत संध्याकाळी 'थोडं बसू' हा धंद्याचाच भाग समजतात. मीही वर्कशॉप चालवताना बसायचो. एकदा रात्री उशीर झाला, सकाळी सातची डिलिव्हरी दहाला गेली आणि त्या पार्टीची पुढची ऑर्डर आलीच नाही. त्या वर्षी श्रावण पाळला, तो वहीत हिशोब ठेवून.

श्रावणात दारू न पिणं आपल्याकडे जुनंच आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'ड्राय जानेवारी' मोहीम चालते, तीही महिन्याभराचीच.

महिन्याभरात शरीरात काय होतं?

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बऱ्यापैकी पिणाऱ्या ९४ जणांनी एक महिना दारू सोडली. काय दिसलं?

१. साखर: इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, तो दोष सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. मधुमेहाचा धोका इथूनच सुरू होतो.
२. बीपी: वरचा आकडा सुमारे ६ टक्क्यांनी उतरला.
३. वजन: सुमारे दीड टक्का घटलं. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, साखरेत ४. चकणा वेगळाच!

झोपेचंही बघा. दारूने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर तुटत राहते. सोडल्यावर पहिले काही दिवस तळमळ होऊ शकते, मग झोप सुधारते. सकाळी शटर वेळेवर उघडतं ते यामुळेच.

पैशाचं गणित

महिन्यात १२ बैठका, प्रत्येकी ४०० रुपये, म्हणजे ४,८०० रुपये. तुमचा आकडा तुम्हीच टाका. कर्जाचा एखादा हप्ता यातून निघतो की नाही?

थांबा, आधी हे वाचा

रोज भरपूर पीत असाल, सकाळी हात थरथरत असतील, तर एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ ला मोफत बोलता येतं. साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असेल, तरी डॉक्टरांना सांगूनच सुरू करा.

खरी चूक कुठे होते?

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, करीला, महिन्याभराची कसर एका बैठकीत भरून काढतात. मेंटेनन्स करून मशीन ओव्हरलोडवर टाकण्यासारखंच हे! मिळालेला फायदा जुन्या सवयीसोबत निघून जातो. महिना संपल्यावर किती कमी करायचं, हे महिना सुरू होण्याआधीच लिहून ठेवा.

गृहपाठ

पहिल्या दिवशी वहीत चार आकडे लिहा: वजन, बीपी, झोपेचे तास, दारूचा मासिक खर्च. तिसाव्या दिवशी पुन्हा लिहा. कोणी बसायला बोलावलं तर सांगा, "भाऊ, चहा घेऊ." मीटिंग चहावरही होते. माझी तेव्हापासून चहावरच होते आहे.

श्रावणाची वाट पाहायचीही गरज नाही. महिना कोणताही चालतो.